दोन अंश पाण्यात, लाव्हाच्या पोटात
प्रतिनिधी

आइसलँडला जाणाऱ्या पर्यटकांच्या कार्यक्रमपत्रिकेत हल्ली एक दिवस हमखास राखून ठेवलेला असतो. सकाळी थिंगवेल्लिर राष्ट्रीय उद्यानातील सिल्फ्रा नावाच्या भेगेत बर्फासारख्या थंड पाण्यावर तरंगायचे आणि दुपारी डोक्याला दिवा बांधून लाव्हाच्या गुहेत उतरायचे. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत ही दोन स्वतंत्र साहसे म्हणून मांडली जातात. सोबत एक हात अमेरिकेला आणि दुसरा युरोपला लावलेल्या पर्यटकाचे छायाचित्र असते. पत्रक चकचकीत असले, तरी त्यात दोन गोष्टी येत नाहीत. ही दोन साहसे वेगळी नसून एकाच भूगर्भीय कथेचे दोन अध्याय आहेत, ही पहिली. त्या नितळ, शांत दिसणाऱ्या पाण्यात माणसांचे प्राण गेले आहेत आणि त्यामागे पाण्याच्या खोलीपेक्षा शरीराची गणिते अधिक होती, ही दुसरी.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला स्नॉर्केलिंग आता नवे राहिलेले नाही. मालवण आणि तारकर्लीच्या किनाऱ्यावर दर सुट्टीत शेकडो माणसे तोंडात नळी धरून समुद्रात उतरतात. तिथले पाणी कोमट असते, अंगावर साधे कपडे आणि लाइफ जॅकेट पुरते. पोहता न येणाऱ्यालाही बरोबरचा माणूस हाताला धरून प्रवाळ दाखवून आणतो. सिल्फ्राला जाणारा मराठी पर्यटक बहुधा हाच अनुभव मनात ठेवून जातो. नेमकी तिथेच गफलत होते.

भेग आली कुठून?

अटलांटिक महासागराच्या तळाशी उत्तर-दक्षिण पसरलेली एक प्रचंड पर्वतरांग आहे. तिच्या दोन बाजूंचे भूपट्ट, म्हणजे उत्तर अमेरिकी आणि युरेशियाई, एकमेकांपासून दूर सरकत आहेत. ही रांग बहुतेक ठिकाणी समुद्राखाली दडलेली असते. आइसलँडमध्ये मात्र ती पाण्याबाहेर येते. त्यामुळे जे एरवी पाणबुडीतून पाहावे लागले असते, ते येथे चालत जाऊन पाहता येते. दोन्ही पट्ट वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर या वेगाने दूर जातात. नखे वाढण्याचा वेग याच्या आसपासच असतो.

जमीन अशी ताणली गेली की मधला भाग खचतो आणि कडेला उभ्या भेगा पडतात. थिंगवेल्लिरची दरी ही अशीच एक खचदरी आहे. पश्चिमेला अल्मान्नाग्या ही उंच कड्यांची घळ आणि पूर्वेला काही किलोमीटरवर दुसऱ्या बाजूच्या भेगा, अशी तिची रचना आहे. ताण साचत राहतो आणि मग एखाद्या भूकंपात तो एकदम मोकळा होतो. १७८९ साली असे झाले. काही दिवस चाललेल्या भूकंपांच्या मालिकेत दरीचा तळ मीटर-दोन मीटर खाली गेला. सिल्फ्राची भेग याच भूकंपांत उघडली, असे मानले जाते.

या दरीला आणखी एक मोठेपण आहे. आइसलँडच्या वसाहतकारांनी इ. स. ९३० मध्ये आपली लोकसभा, म्हणजे अल्थिंग, येथेच उघड्यावर भरवायला सुरुवात केली. कायदे येथेच सांगितले जात आणि शिक्षाही येथेच दिल्या जात. १७९८ पर्यंत सभा थिंगवेल्लिरला भरत होती. पुढे ती बंद पडली आणि १८४५ मध्ये रेक्याविक येथे पुन्हा सुरू झाली. १७ जून १९४४ रोजी आइसलँडचे प्रजासत्ताक घोषित करण्यासाठी लोक पुन्हा याच दरीत जमले. युनेस्कोने २००४ मध्ये या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती मुख्यतः या इतिहासासाठी. ज्या उद्यानात पर्यटक रबरी पोशाख चढवतात, ते त्या देशाचे रायगड आहे असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आता त्या सुप्रसिद्ध छायाचित्राविषयी. सिल्फ्राच्या दोन भिंतींना हात लावला म्हणजे दोन खंडांना हात लागला, हे ऐकायला छान वाटते. भूशास्त्राला ते मान्य होणे कठीण आहे. एकतर दोन पट्टांमधली सीमा ही वहीत पट्टीने आखलेली रेघ नसते. तो काही किलोमीटर रुंदीचा, शेकडो भेगांनी चिरफाळलेला पट्टा असतो आणि सिल्फ्रा ही त्यातली एक भेग आहे. दुसरे म्हणजे दक्षिण आइसलँडमध्ये असे दोन पट्टे आहेत. थिंगवेल्लिर पश्चिमेच्या पट्ट्यात येते. दूर सरकण्याच्या गतीचा मोठा वाटा पूर्वेच्या पट्ट्याकडे जातो आणि या दोहोंच्या मध्ये ह्रेप्पार नावाचा एक लहान भूपट्ट अडकलेला आहे. म्हणजे उजवा हात ज्या दगडाला लागतो, तो सरळसरळ युरोप नव्हेच. छायाचित्र अवश्य काढावे. फक्त त्याखाली लिहिताना जरा हात आखडता घ्यावा.

पाणी इतके नितळ का?

सिल्फ्राच्या कीर्तीचे खरे कारण तिथले पाणी आहे. या पाण्यात शंभर मीटरपर्यंतचे दिसते. तारकर्लीला चांगल्या दिवशी जे दिसते, त्याच्या हे अनेक पट झाले. हे पाणी येते उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या लांगयोकुल या हिमनदीच्या वितळण्यातून. गंमत अशी, की हिमनदीतून निघालेले पाणी स्वच्छ नसतेच. बर्फाचा प्रचंड भार खडकावरून सरकताना दगडाचे पीठ होते आणि ते मिसळून पाणी दुधट, राखाडी दिसते. आइसलँडच्या ज्या नद्या थेट हिमनद्यांतून निघतात, त्यांत हात बुडवला तर बोटे दिसत नाहीत.

मग सिल्फ्राचे पाणी वेगळे का? कारण वाटेत लाव्हा आडवा आला. हजारो वर्षांपूर्वी स्क्याल्डब्रेडुर आणि आसपासच्या ज्वालामुखींतून निघालेल्या लाव्हाने हा सारा प्रदेश झाकून टाकला. स्क्याल्डब्रेडुर या नावाचा अर्थ रुंद ढाल. पसरट, ढालीसारख्या ज्वालामुखींना भूगोलाच्या पुस्तकांत जे नाव मिळाले, ते याच डोंगरावरून. हिमनदीचे पाणी पृष्ठभागावरून वाहण्याऐवजी या सच्छिद्र लाव्हात मुरू लागले. तेथून थिंगवेल्लिरपर्यंत जमिनीखालून झिरपत यायला त्याला तीस ते शंभर वर्षे लागतात. या प्रवासात गाळाचा कणही उरत नाही. आज सिल्फ्रात पोहणाऱ्याच्या मास्कसमोरून जाणारे पाणी कदाचित दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्फातून सुटलेले असू शकते. ते तिथेच ओंजळीने पिता येते आणि पर्यटक ते पितातही.

महाराष्ट्राच्या वाचकाला येथे एक प्रश्न पडायला हवा. आपले सह्याद्री आणि दख्खनचे पठारही लाव्हाचेच आहे. दगडही तोच, काळा बेसाल्ट. मग आपल्याकडे असे का होत नाही? याचे उत्तर वयात आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इतक्या काळात त्यातल्या पोकळ्यांत खनिजे भरत गेली. पुणे, नाशिक, जळगाव भागांत खाणींतून निघणारे झिओलाइटचे सुंदर स्फटिक म्हणजे या भरलेल्या पोकळ्याच. जुना कातळ असा बुजत जातो आणि पाण्याला वाट उरते ती भेगांतून वा झिजलेल्या थरांतून. विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याला हे भूशास्त्रज्ञाइतकेच ठाऊक असते. थिंगवेल्लिरचा लाव्हा त्या मानाने कालचा, जेमतेम दहा हजार वर्षांचा. त्याची छिद्रे अजून उघडी आहेत.

जमिनीखालून आल्यामुळे पाण्याचे तापमानही जवळजवळ स्थिर राहते. ते वर्षभर दोन ते चार अंश सेल्सियस असते. जानेवारीत बाहेर बर्फाचे वादळ असो वा जूनमध्ये रात्री बाराला उजेड असो, पाण्याला फरक पडत नाही. प्रवाह अखंड असल्याने ते गोठतही नाही. हे पाणी पुढे थिंगवल्लावात्न या विशाल सरोवराला मिळते. या सरोवरात येणारे सुमारे नव्वद टक्के पाणी असेच भूमिगत झऱ्यांचे आहे. हिमयुगानंतर त्यात अडकून पडलेल्या आर्क्टिक चार माशाचे चार वेगवेगळे प्रकार तेथे विकसित झाले, म्हणून जीवशास्त्रज्ञांनाही या तळ्याचे मोठे अप्रूप आहे. सिल्फ्रात मात्र मासे क्वचितच दिसतात. दिसते ते हिरवेगार, केसांसारखे लांब शेवाळ आणि निळा रंग. पाण्यात गढूळपणा नसल्याने प्रकाश खोलवर जातो, त्यातला तांबडा भाग पाणी शोषून घेते आणि निळा उरतो. माशांच्या आशेने जाणाऱ्याची निराशा होईल. तेथे पाहायचे असते ते पाणीच.

पहिली दोन मिनिटे

प्रत्यक्ष पाण्यातला वेळ जेमतेम तीस-चाळीस मिनिटांचा असतो. पोशाख चढवायला जवळपास तितकाच वेळ लागतो. आत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे उबदार कपडे, त्यावर जाड अस्तर आणि त्यावर ड्रायसूट, असा हा सरंजाम असतो. नावाप्रमाणे ड्रायसूटमध्ये पाणी शिरत नाही. गळ्याशी आणि मनगटांशी घट्ट रबरी पट्ट्या असतात. अंगठ्या, घड्याळ, कानातले लांब डूल आणि विशेषतः बांगड्या आधीच उतरवाव्या लागतात, कारण त्यांनी ही नाजूक पट्टी फाटते आणि मग पोशाखाचा काहीच उपयोग राहत नाही. सुती कपडे आत घालू नयेत. घामाने ओले झाले की ते अंगाशी गारठा धरून ठेवतात. चष्मा मास्कच्या आत बसत नाही. तेव्हा कॉन्टॅक्ट लेन्स नसतील, तर शंभर मीटरपर्यंतच्या दृश्यमानतेचा लाभ दहा मीटरवरच थांबतो. भरघोस मिशा असणाऱ्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपते, ही तक्रारही जुनीच.

हातमोजे आणि डोक्यावरची टोपी मात्र कोरडी नसते. त्यांत पाणी शिरते, शरीराच्या उबेने थोडे कोमट होते आणि तसेच राहते. ओठ आणि त्यांच्या भोवतालचा भाग तर उघडाच असतो. पाच मिनिटांत ओठ बधिर होतात आणि वीस मिनिटांत बोटे. हात पाण्याबाहेर किंवा पाठीवर धरून नुसत्या पायांनी पुढे जावे, असे मार्गदर्शक सांगतात, ते यासाठीच.

लोखंडी जिन्याने पाण्यात उतरले, की मंद प्रवाह आपसूक पुढे नेतो. पहिला भाग अरुंद आणि काही ठिकाणी उथळ आहे. मग भेग रुंदावत जाते आणि शेवटी सुमारे शंभर मीटर लांबीचे एक दालन येते, ज्याला कॅथीड्रल म्हणतात. इथे तळ खोल जातो, तरी इतका स्पष्ट दिसतो की अनेकांना पाण्यात तरंगत असूनही उंच गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहिल्यासारखी भोवळ येते. त्यानंतर डावीकडे वळून उथळ डोहात यायचे असते. वळण चुकले तर प्रवाह सरोवराकडे ओढतो, म्हणून या ठिकाणी मार्गदर्शक सर्वांवर विशेष लक्ष ठेवतात. भेगेची कमाल खोली ६३ मीटर असली, तरी स्कूबा पाणबुड्यांनाही १८ मीटरच्या खाली जायला मनाई आहे. स्नॉर्केल करणाऱ्याला खोलीची चिंता नाही. ड्रायसूटमधील हवा त्याला वरच ठेवते. बुडी मारू म्हटले तरी ते शक्य होत नाही.

मग धोका कसला? पाणी हवेच्या तुलनेत सुमारे पंचवीस पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते, हे खरे. पण इतक्या थोड्या वेळात चांगल्या पोशाखात शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीखाली जाणे सहसा घडत नाही. धोका असतो तो पहिल्या दोन-तीन मिनिटांचा. अतिथंड पाणी त्वचेला लागताच माणूस अनवधानाने खोल श्वास ओढतो, श्वास जलद होतो, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब आणि नाडी एकदम वाढते. त्याच वेळी चेहऱ्याला थंड पाणी लागले की नेमकी उलट प्रतिक्रिया सुरू होते. सील-देवमाशांसारख्या पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांत दिसणारी ही यंत्रणा माणसातही थोडी शिल्लक आहे आणि ती हृदयाची गती कमी करते. एक आज्ञा धाव म्हणते, दुसरी थांब म्हणते. निरोगी हृदय हा गोंधळ सहज निभावून नेते. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आधीच अडथळा आहे, रक्तदाब चढा आहे, त्याच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. थंडीने आणि घट्ट पोशाखाने हातापायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते, त्यामुळे काहींच्या फुप्फुसांत पाणी साचण्याचा प्रकारही वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. अशा माणसाला पाण्यात असताना अचानक धाप लागते, खोकला येतो. त्याला वाटते, आपण घाबरलो आहोत. प्रत्यक्षात त्याने तत्काळ बाहेर यायला हवे असते.

त्यात माणूस घाबरतोही. गळ्याशी आवळलेली पट्टी, नाक बंद, श्वास फक्त एका नळीतून. ज्याला पोहण्याचा सराव नाही, त्याचा जीव येथे कासावीस होतो. म्हणून सिल्फ्रात पोहता येणे ही अट आहे. ‘पोशाखच तरंगवतो, मग पोहायला कशाला यायला हवे?’ हा युक्तिवाद मालवणच्या पद्धतीचा झाला. पोशाख शरीराला तरंगवतो, पण पालथे पडून नळीतून शांतपणे श्वास घेण्याची सवय तो देऊ शकत नाही.

२०१७ च्या सुरुवातीला काही आठवड्यांच्या अंतराने सिल्फ्रात दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. त्याआधीच्या वर्षांतही दुर्घटना घडल्या होत्या. उद्यान प्रशासनाने काही काळ पाण्यात उतरणे बंद ठेवले आणि अटी कडक करून ते पुन्हा सुरू केले. एका मार्गदर्शकाबरोबर स्नॉर्केल करणारे सहापेक्षा अधिक नसावेत, हा नियम आता आहे. स्कूबा करणाऱ्यांना ड्रायसूटच्या प्रशिक्षणाचा किंवा पुरेशा अनुभवाचा दाखला द्यावा लागतो. किमान वय बारा वर्षे, शिवाय उंची आणि वजनाच्या मर्यादा असतात, कारण पोशाख नीट बसला नाही तर पाणी शिरते. आरोग्याची प्रश्नावली भरून द्यावी लागते आणि साठीच्या पुढच्यांकडे डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले जाते. सूचना इंग्रजीत असतात. त्या समजणे हीदेखील अट आहे.

या प्रश्नावलीकडे औपचारिकता म्हणून पाहण्याची आपल्याकडची सवय येथे महागात पडू शकते. पन्नाशी-साठीतली, निवृत्तीनंतर प्रथमच परदेशी निघालेली जोडपी आज मोठ्या संख्येने अशा सहलींना जातात. रक्तदाबाची गोळी चालू असली की ‘तसे काही विशेष नाही’ असे लिहिण्याकडे त्यांचा कल असतो. पैसे भरलेले असतात, मुलाने हौसेने आरक्षण केलेले असते. अशा वेळी काठावर बसून भेगेत डोकावणे हा कमीपणा मुळीच नव्हे. पाणी इतके नितळ आहे, की वरूनही पुष्कळ दिसते.

दगड जेव्हा पाण्यासारखा वाहतो

पाण्यातून बाहेर आल्यावर गरम चॉकलेट आणि बिस्किटे मिळतात, आणि मग गाडी गुहेकडे वळते. केस ओले असतात, वारा बोचरा असतो. कोरडी टोपी आणि कोरडे मोजे पिशवीत ठेवण्याचा सल्ला जे ऐकत नाहीत, ते दुपारभर कुडकुडतात. थिंगवेल्लिरच्या पूर्वेला ग्याउबाक्काहेल्लिर ही सुमारे ३६० मीटर लांबीची गुहा अशा सहलींसाठी सोयीची पडते. एका तोंडाने आत शिरून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडता येते. रेक्याविकपासून अर्ध्या तासावरची राउफारहोल्सहेल्लिर ही गुहा याहून मोठी, १,३६० मीटर लांब आणि काही ठिकाणी दहा मीटर उंच आहे. ‘हेल्लिर’ म्हणजे गुहा. लांबलचक नावाला घाबरण्याचे कारण नाही.

मराठी माणसाला गुहा म्हटली की लेणी आठवतात. अजिंठा, कार्ला, भाजे. काळ्या कातळात छिन्नी-हातोड्याने पिढ्यानपिढ्या कोरलेली. येथे कोरणारा कोणी नाही. लाव्हानेच लाव्हात वाट काढली आहे.

बेसाल्टचा लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान अकराशे-बाराशे अंश असते आणि तो पातळ असतो. उतारावरून वाहताना वरचा थर हवेने थंड होऊन साय धरतो. ही साय दगडाची असते आणि दगड हा उष्णतेचा अत्यंत मंद वाहक. त्यामुळे आतला प्रवाह झाकलेल्या भांड्यातल्या दुधासारखा गरम राहतो आणि किलोमीटरमागे जेमतेम अंशभर थंड होत दूरवर जातो. ज्वालामुखीचा पुरवठा आटला, की आतला लाव्हा उतरून जातो आणि दगडी नळी रिकामी राहते. हीच लाव्हा गुहा.

मार्गदर्शकाच्या दिव्यात भिंतींवर या घटनेच्या खुणा वाचता येतात. पुराचे पाणी ओसरताना भिंतीवर जशा रेघा उमटतात, तसे लाव्हाची पातळी उतरताना आडवे कंगोरे तयार झाले. छत पुन्हा तापून वितळले तिथे लहान लहान लोलक टांगलेले राहिले. लोहाचे प्रमाण भरपूर असल्याने काही भाग गंजून तांबडा, किरमिजी दिसतो. छत कोसळले तिथे आकाश दिसते, आणि त्या झरोक्यांतून हिवाळ्यात बर्फ आत पडून गुहेच्या तळाशी त्याचे ढिगारे साचतात. हिवाळ्यात ठिबकणारे पाणी गोठून जमिनीवर काचेसारखे बर्फाचे खांबही उभे राहतात. वसंतात ते विरघळतात, पुढल्या वर्षी पुन्हा येतात.

लाव्हाच्या लोलकांचे तसे नाही. चुनखडीच्या गुहांतले लवणस्तंभ पाण्याच्या थेंबाथेंबाने हजारो वर्षे वाढत असतात. तुटले तरी निदान तत्त्वतः पुन्हा वाढू शकतात. लाव्हाचा लोलक मात्र गुहा तयार होताना, काही तासांत वा दिवसांत, एकदाच बनतो. तो तुटला की संपला. राउफारहोल्सहेल्लिर ही हमरस्त्याला लागूनच असल्याने दशकानुदशके येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिच्यातले लोलक आठवण म्हणून मोडून नेले. आज तेथे पाहायला मिळतात त्या प्रामुख्याने उघड्या भिंती. २०१७ मध्ये तेथे पायवाट आणि दिवे करून प्रवेश मार्गदर्शकाबरोबरच देण्याची व्यवस्था झाली. पश्चिमेकडील विद्गेल्मिर या प्रचंड गुहेला त्याआधीच लोखंडी दार बसवण्यात आले होते. काही गुहा तर सर्वसामान्यांना कायमच्या बंद आहेत. भिंतीला टेकू नका, वर पाहून चाला, या सूचना डोक्याइतक्याच त्या लोलकांच्या रक्षणासाठी आहेत.

आत तापमान शून्याच्या थोडे वर असते. तळ म्हणजे कोसळलेल्या छताचे अणकुचीदार दगड. पाय घसरला तर तळहात सोलून निघतात. म्हणून घोट्यापर्यंतचे बूट आणि हातमोजे अनिवार्य. हेल्मेट तर हवेच. एकदा तरी सर्वांना दिवे मालवायला सांगितले जाते. शहरात राहणाऱ्याला खरा काळोख ठाऊकच नसतो; डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नाही, हे तेथे शब्दशः खरे ठरते. ज्यांना बंद जागेची भीती वाटते, त्यांनी अरुंद फटींच्या गुहांऐवजी पायवाट असलेली गुहा निवडणे बरे.

चंद्रावरही अशा नळ्या आहेत. भारताच्या चांद्रयान-१ ने टिपलेल्या छायाचित्रांच्या अभ्यासातून इस्रोच्या शास्त्रज्ञांनी चंद्रावर सुमारे १.७ किलोमीटर लांबीची, छत शाबूत असलेली लाव्हा नळी असल्याचे दाखवले होते. किरणोत्सर्ग आणि उल्कांपासून माणसाला आसरा देण्यासाठी अशा जागांचा विचार होतो. अपोलो मोहिमेच्या अंतराळवीरांनीही १९६५ आणि १९६७ मध्ये भूशास्त्राच्या सरावासाठी आइसलँड गाठले होते.

जाण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी लागते. रेक्याविकच्या नैऋत्येला रेक्यानेस द्वीपकल्पावर मार्च २०२१ पासून पुन्हा उद्रेकांचे सत्र सुरू झाले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंदाविक हे मच्छीमारांचे गाव रिकामे करावे लागले. आंतरराष्ट्रीय विमानतळ याच द्वीपकल्पावर आहे. थिंगवेल्लिर तेथून दूर असल्याने सिल्फ्राच्या सहली एरवी चालू राहतात. रस्ते आणि परिसर कधी बंद होतील, हे मात्र त्या त्या दिवशीच्या सूचनांवर ठरते. या नव्या लाव्हावर वरून कवच धरले असले, तरी खाली पोकळ्या आणि वितळलेला दगड असू शकतो. थंड दिसणाऱ्या त्या काळ्या सायीवर पाऊल ठेवू नये, असे तेथील यंत्रणा पर्यटकांना वारंवार बजावत असतात.